हातीपायी धड

आपल्याकडे म्हातारी माणसे देवाजवळ फार काही मागत नाहीत. माडी मागत नाहीत, पैसा मागत नाहीत. म्हणतात, "देवा, हातीपायी धड आहे तोवर ने. कुणाला माझं करायची पाळी आणू नको."

मागणे रास्त आहे. पण ते सगळेच देवावर सोडून चालायचे नाही. हातपाय धड राहणे बरेचसे आपल्याच हातात असते. ते कसे, हे या पाठात पाहू.

आधी एक काम करा. वाचता वाचता पुस्तक खाली ठेवा. खुर्चीवर किंवा बाजेच्या काठावर बसा. पाय जमिनीला टेकलेले असू द्या. दोन्ही हातांची छातीशी घडी घाला. आता हात न टेकता उभे राहा. पुन्हा बसा. असे ५ वेळा करा. घरातल्या कुणाला तरी जवळ उभे करा. त्याला घड्याळात सेकंद मोजायला सांगा.

१५ सेकंदांच्या आत ५ वेळा उठणे-बसणे झाले, तर तुमच्या मांड्यांत अजून बळ आहे. त्याहून जास्त वेळ लागला, तर बळ कमी झाले आहे असे समजा. हात टेकल्याशिवाय उठताच आले नाही, तर हा पाठ तुमच्यासाठीच लिहिला आहे. घाबरू नका. गेलेले बळ पुष्कळसे परत येते.

आता कुणी म्हणेल, उठण्या-बसण्याचे एवढे काय? पण विचार करा. सकाळी अंथरुणातून उठायचे. परसाकडे जायचे, तिथे बसायचे, तिथून उठायचे. न्हाणीत पाटावर बसायचे. जेवायला मांडी घालायची. देवळात बसायचे. दिवसभर माणूस उठतो आणि बसतो. ज्याला आपल्या पायांनी उठता येते, तो आपला आपण जगतो. ज्याला येत नाही, त्याला परसाकडे जायलाही दुसऱ्याचा हात लागतो. सून रानात गेलेली असते. मुलगा तालुक्याला असतो. मग म्हातारी माणसे काय करतात? पाणीच कमी पितात, म्हणजे उठायला नको. हे दुःख कुणी बोलून दाखवत नाही, पण घरोघर आहे.

बळ का जाते

आपल्या अंगात हाडे असतात. हाडांवर मांस असते. हे मांस म्हणजेच स्नायू. स्नायू ओढले गेले की हाड हलते. आपण उठतो, चालतो, घागर उचलतो, ते स्नायूंच्या जोरावर.

तिशी-चाळिशीपासून हे स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात. दर १० वर्षांत शंभरातले ३ ते ८ भाग जातात. साठीनंतर जास्त वेगाने जातात. हे सगळ्यांचेच होते, राजाचेही आणि रंकाचेही. पण ज्याचे अंग चालते त्याचे कमी जाते. जो बसून राहतो त्याचे भराभर जाते.

इथे शेतकरी माणूस म्हणतो, "मी जन्मभर नांगर धरला. मोटा हाकल्या. मला कशाला पाहिजे व्यायाम? माझं अंग कसलेलं आहे."

अंग कसलेले होते, हे खरे. पण मागल्या वर्षीच्या पावसावर यंदाचे पीक येत नाही. स्नायूंचेही तसेच आहे. आज काम दिले तर ते उद्या राहतात. काम थांबले की शरीर म्हणते, याचा आता उपयोग नाही, आणि ते त्यांना पोसणे कमी करते.

२००७ साली अमेरिकेत डॉक्टरांनी हे मोजून पाहिले. साठी ओलांडलेली निरोगी माणसे घेतली. त्यांना १० दिवस अंथरुणावर झोपवून ठेवले. आजार काही नाही, खाणेपिणे वेळेवर. १० दिवसांनी मोजले, तर दोन्ही पाय मिळून जवळजवळ १ किलो मांस कमी झाले होते. फक्त १० दिवसांत!

म्हणून तापातून उठलेल्या म्हाताऱ्या माणसाला महिनाभर बाजेवर ठेवू नये. ताप उतरला, डॉक्टरांनी हो म्हटले, की त्याला बसते करावे. दुसऱ्या दिवशी ओसरीपर्यंत न्यावे. विश्रांती द्यावी, पण अंथरूण धरू देऊ नये.

"आता बसून खा"

एका गावातली गोष्ट सांगतो. नावे कशाला हवीत? अशी घरे तुमच्याही गावात असतील.

एक आबा होते. वय ६६. त्यांनी शेत मुलाच्या हाती दिले. मुलगा चांगला. सून चांगली. मुलगा म्हणाला, "आबा, पुष्कळ कष्ट केलेत. आता बसून खा." सुनेने ओसरीवर बाज टाकली. चहा जागेवर येऊ लागला. आंघोळीचे पाणी कुणीतरी काढून ठेवी. नातू तंबाखूची पिशवी आणून देई. दुकानात जायचे तर मोटारसायकल दारात. आबा म्हणत, "माझ्यासारखा सुखी कोण?"

दोन वर्षे अशी गेली. मग भावकीत लग्न निघाले. पंगत बसली. जेवण झाले. सगळे उठले. आबांना उठता येईना. त्यांनी एक हात जमिनीला टेकला. दुसरा हात शेजाऱ्याच्या खांद्यावर ठेवला. तरी जमेना. शेवटी दोघांनी बगलेत धरून उठवले. पोरे हसली. आबा कुणाशी न बोलता घरी आले. त्या दिवसापासून त्यांनी लग्नाकार्याला जाणेच सोडले.

चार दिवसांनी गावातली आशाताई घरी आली. सूनबाईने तिला सगळे सांगितले. आशाताईने आबांचा रक्तदाब पाहिला. गुडघे, पाय पाहिले. मग म्हणाली, "आबा, तुमच्या पायांना रोग नाही. तुमच्या पायांना काम नाही."

आबा चिडले. "म्हणजे या वयात पुन्हा नांगराला जुंपतेस होय गं मला?"

"नांगराला नाही, आबा. पण तांब्याभर पाणी तरी आपलं आपण घ्याल की नाही?"

सूनबाई मधेच म्हणाली, "अहो ताई, मामंजींनी उठून पाणी घेतलं तर गाव मला काय म्हणेल? सासऱ्याला विचारत नाही म्हणेल."

हे सूनबाईचे बोलणे नीट ऐका. तिच्या मनात माया आहे, मान आहे. लोक काय म्हणतील याची धास्तीही आहे. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला मान द्यायचा म्हणजे त्याला जागचे हलू द्यायचे नाही, अशी रीत पडली आहे. आमच्या मते ही रीत बदलायला हवी. मान बोलण्यातून द्या. घरातल्या कामात त्यांचा सल्ला घ्या, तो मानही मोठा आहे. पण त्यांच्या हातातले काम काढून घेऊ नका. कोंबड्या सोडणे, शेरडाला पाला टाकणे, फुलझाडांना पाणी घालणे, नातवाला शाळेत पोचवणे, लसूण सोलत न बसता दुकानातून तो आणणे, अशी कामे त्यांच्याकडेच राहू द्या.

आशाताईने सूनबाईची समजूत घातली. आबांना तिने तीन गोष्टी सांगितल्या. त्या पुढे येतातच. आबा आधी महिनाभर कुरकुरले. नंतर करू लागले. चैत्रात सुरू केले आणि श्रावणात सत्यनारायणाच्या पंगतीला बसले. उठताना त्यांनी एक हात टेकला, पण दुसऱ्याच्या खांद्याला धरले नाही.

नव्वदीतही बळ येते

कुणी म्हणेल, आबांचे वय ते काय! आमची आजी ८५ वर्षांची आहे, तिचे काय होणार?

अमेरिकेत बोस्टन नावाचे शहर आहे. तिथे १९९० साली डॉक्टरांनी एका वृद्धाश्रमातली १० माणसे निवडली. सगळी नव्वदीच्या घरातली. अंगाने थकलेली. त्यांच्याकडून ८ आठवडे पायांचा व्यायाम करून घेतला. पायाने वजन उचलायचे, खाली ठेवायचे. हळूहळू वजन वाढवत न्यायचे. डॉक्टर जवळ उभे असत. एकाने मधेच सोडले. बाकीच्या नऊ जणांच्या पायांचे बळ सरासरीने अडीच पटींहून जास्त झाले. नव्वदीच्या माणसांचे, आणि दोनच महिन्यांत!

आपल्याला तसे वजनाचे यंत्र नको. आपले स्वतःचे अंग हेच वजन. ते पायांवर उचलायचे.

पहिली गोष्ट, उठबस. पाठाच्या सुरुवातीला केलीत तीच. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे मागे सरकणार नाही. सावकाश उठा, सावकाश बसा. बसताना धपकन बसू नका. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम फुकट गेला. उठताना श्वास सोडा, कोंडून धरू नका. हात टेकावे लागले तर आधी हात टेकून करा. पहिले आठ दिवस ५ वेळा. मग ८ वेळा. मग १० वेळा. मधे थोडे थांबून पुन्हा १० वेळा. हे एक दिवसाआड करा. मधल्या दिवशी पायांना विसावा द्या. सुरुवातीला मांड्या दुखतील. भात लावून आल्यावर दुखतात तशा. त्याला भिऊ नका, दोन-तीन दिवसांत ते दुखणे जाते.

दुसरी गोष्ट, तोल. दाराच्या चौकटीला धरून उभे राहा. टाचा उचला, चवड्यांवर या, सावकाश खाली टेका. असे १० वेळा. मग चौकट धरूनच एक पाय किंचित उचला. मनात १० अंक मोजा. मग दुसरा पाय. जमू लागले की दोन बोटेच चौकटीला लावा. पण हात चौकटीपासून लांब नेऊ नका. आठवड्यातून निदान ३ दिवस हे करावे. हे करणारी माणसे कमी पडतात.

पडण्याचे भय खोटे नाही. उतारवयात हाडे ठिसूळ होतात, बायकांची जास्त. पाळी गेल्यावर त्यांची हाडे झपाट्याने विरळ होतात. न्हाणीत पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते, आणि चालतीबोलती आजी अंथरुणाला खिळते. तेव्हा घरही जरा पाहा. न्हाणीतले शेवाळ घासून काढा. रात्री उठावे लागते त्या वाटेवर दिवा ठेवा. संडासात बसल्यावर धरता येईल अशी लोखंडी कांब किंवा लाकडी दांडा भिंतीत पक्का करून घ्या. गावातला गवंडी हे काम अर्ध्या दिवसात करून देतो. डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर लांबवू नका. न दिसणारा उंबरा चांगल्या पायांनाही पाडतो.

तिसरी गोष्ट, चालणे.

चालावे किती, आणि कसे

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म १८५८ सालचा, कोकणातला. विधवा बायकांसाठी त्यांनी पुण्याजवळ हिंगण्याला आश्रम काढला. ते स्वतः पुण्यात कॉलेजात गणित शिकवत. हिंगणे तेव्हा रानात होते. पुण्याहून चार मैलांची वाट, पावसाळ्यात चिखलाची. कर्वे ती पायी तुडवत. वयाच्या ७१ व्या वर्षी, १९२९ साली, ते जगाच्या प्रवासाला निघाले. ७८ व्या वर्षी, १९३६ साली, त्यांनी खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापन केले. १९५८ साली, त्यांच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. १९६२ साली ते वारले. वय १०४ वर्षे.

चालल्यामुळेच ते शंभरी पार गेले, असे आम्ही म्हणत नाही. आयुष्य किती, हे कुणी सांगावे? पण ७८ व्या वर्षी नवे काम अंगावर घ्यायला अंगही साथ देणारे लागते. ते त्यांच्याजवळ होते.

चालण्याचा उपयोग नुसत्या पायांना नाही, काळजालाही आहे. इंग्लंडात लंडन शहरात दोन मजली बसगाड्या होत्या. ड्रायव्हर दिवसभर बसून गाडी हाकी. कंडक्टर तिकिटे काढत जिना चढे आणि उतरे, दिवसाला शेकडो पायऱ्या. मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दोघांची तुलना केली आणि १९५३ साली ती छापली. ड्रायव्हरांपेक्षा कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. झाला तरी तो पुष्कळदा सौम्य असे. गाडी एकच, कंपनी एकच. पण एक बसलेला आणि एक चालता.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसांनी, म्हाताऱ्यांनीही, आठवड्यात निदान १५० मिनिटे अंग हालवावे. म्हणजे आठवड्यातले ५ दिवस, रोज अर्धा तास चालणे. अर्धा तास एकदम जमत नसेल तर सकाळी १० मिनिटे, दुपारनंतर १० मिनिटे, संध्याकाळी १० मिनिटे. बेरीज तीच होते.

चालायचे कसे? गाई चारताना चालतो तसे रेंगाळत नाही, आणि एसटी चुकेल म्हणून पळतो तसेही नाही. चालताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे, पण अभंग म्हणता येऊ नये, इतपत वेगाने. बोलता बोलता धाप लागली तर वेग कमी करा.

आषाढीची वारी पाहा. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. पांढऱ्या केसांची किती माणसे त्या वाटेने जातात! दिवे घाट चढतात. कुणी पळत नाही. टप्पा ठरलेला, विसावा ठरलेला, सोबत ठरलेली. एकट्याला जे जड वाटते ते दिंडीत हलके होते. तसेच गावात करावे. चार समवयस्क जमवावेत. सकाळी मारुतीच्या देवळापाशी भेटावे, ओढ्यापर्यंत जाऊन यावे. बायकांनी बायकांची वेगळी टोळी करावी. बायकांना वाटते, आपण दिवसभर घरात राबतोच. राबतात, खरेच. पण पूर्वी जाते होते, आडाचे पाणी होते. आता गिरणी आली, नळ आला. चांगलेच झाले. जात्याने किती जणींची कंबर मोडली, ते दिवस परत नकोत. मात्र ते अंगमेहनतीचे काम गेले, त्याच्या जागी चालणे तरी यायला हवे.

"गुडघे दुखतात, मग चालू कसा?" हा प्रश्न दहाजणांत सहाजण विचारतात. झिजलेल्या गुडघ्याला अजिबात न चालवणे हे औषध नाही. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार तो उचलतो, दुखणे कमी होते. म्हणून उठबस करा, पण जरा उंच खुर्चीवरून. उकिडवे बसणे टाळा. सपाट वाटेने चाला. काठी घ्यायला लाजू नका. गुडघा सुजला, लाल झाला, गरम लागला, तर मात्र आधी दवाखाना.

आणखी काही खुणा लक्षात ठेवा. चालताना छातीत दुखले किंवा छाती आवळल्यासारखी वाटली, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, दरदरून घाम फुटला, तर तिथेच बसा आणि कुणाला तरी हाक मारा. लगेच दवाखान्यात जा. "वायू धरला असेल" म्हणून घरी पडून राहू नका. ज्यांना आधीच हृदयाचा, दम्याचा, रक्तदाबाचा किंवा साखरेचा आजार आहे, त्यांनी व्यायाम सुरू करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारावे. व्यायाम सुरू केला म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

खायचे काय

व्यायामाने स्नायू मागतो, अन्नाने त्याला मिळते. नुसता व्यायाम केला आणि पोटात चहा-बटर, तर अंग उलट खंगते.

उतारवयात भूक मंदावते. दात पडतात. भाकरी चावत नाही. मग आजी काय करते? सकाळी चहात बटर बुडवते. दुपारी भाकरी पाण्यात किंवा चहात कुस्करते. रात्री भात आणि पातळ वरणाचे पाणी. पोट भरते. पण ज्याने मांस धरते ते अन्न त्यात थोडेच असते. त्या अन्नद्रव्याला प्रथिने म्हणतात. डाळी, कडधान्ये, शेंगदाणे, दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत ती भरपूर असतात.

म्हाताऱ्या माणसाने वजनाच्या दर किलोला रोज १ ग्रॅम प्रथिने खावीत. वजन ५० किलो तर ५० ग्रॅम. हिशेब करू. ज्वारीच्या दोन भाकरींत १२ ग्रॅमच्या आसपास. दोन वाट्या घट्ट वरणात १४. मूठभर शेंगदाण्यांत ७. पेलाभर दुधात ६. एका अंड्यात ६. बेसनाच्या वाटीभर पिठल्यात ६. झाली बेरीज ५१. अंडे चालत नसेल तर दह्याची एक वाटी आणि उसळ वाढवा. मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी मात्र हा हिशेब डॉक्टरांना विचारूनच करावा.

दात नाहीत म्हणून अडत नाही. मुगाचे घट्ट वरण, पिठले, कुळथाचे माडगे, शेंगदाण्याचा कूट घातलेली भाजी, नाचणीची आंबील, मऊ उकडलेले अंडे, हे सगळे हिरड्यांनीही खाता येते. कवळी बसवून घेता आली तर फारच छान.

नाचणीला आपण गरिबाचे धान्य म्हणून नावे ठेवली. पण हाडांना लागणारे कॅल्शियम १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात असते. तेवढ्याच ज्वारीत ३० मिलिग्रॅमही नसते. तिळात तर नाचणीहूनही जास्त. तिळाची चटणी रोज चमचाभर पानात असावी. शेवग्याचा पाला दारात असतो, त्याची भाजी करावी. आणि रोज थोडा वेळ उन्हात बसावे, निदान हातपाय उघडे ठेवून. अंगावर ऊन पडले की शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते. ते असेल तरच कॅल्शियम हाडांत मुरते.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. घरात दोन म्हशी असतात. सकाळी किटली भरून दूध डेअरीला जाते. कोंबड्यांची अंडी बाजारात जातात. आणि घरातली म्हातारी बिनदुधाचा चहा पिते! पैसा लागतो, हे आम्हाला कळते. पण किटली भरण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांचा आणि पोरांचा एक-एक पेला बाजूला काढून ठेवावा. आजीबाईंनाही एक सांगणे आहे. तुम्ही सगळ्यांना वाढता आणि उरेल ते खाता. वरण संपलेले असते, मग चटणी-भाकरी. तुम्ही तुमची वाटी आधी भरून झाकून ठेवा.

दुसरी गोष्ट सलाईनची. अशक्तपणा आला की पुष्कळ लोक सलाईन लावून घेतात. बाटली लागली की वाटते, बळ आले. त्या बाटलीत असते काय? ग्लुकोजची अर्ध्या लिटरची साधी बाटली घ्या. त्यात २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. बाकी पाणी. प्रथिनांचा कणही नाही. जुलाब-उलटीने अंगातले पाणी गेले, पोटात काही ठरत नाही, तेव्हा डॉक्टर सलाईन लावतात, ते जीव वाचवते. पण म्हातारपणाच्या थकव्याला ते औषध नव्हे. त्याच पैशात महिनाभराचे शेंगदाणे येतात.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असावे, म्हणजे सपाट एक चमचा. पापड, लोणचे, खारवलेले मासे यांतले मीठही त्यातच धरायचे. मीठ वाढले की रक्तदाब वाढतो. तहान लागली नाही तरी पाणी प्यावे, कारण उतारवयात तहान मंद होते. उपासाला नुसता साबुदाणा नको, त्यात दाण्याचा कूट घाला, बरोबर दूध किंवा ताक घ्या. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी कडक उपास करूच नये. पोटात अन्न नसताना गोळीने साखर फार खाली उतरते, माणूस बेशुद्ध पडतो. तंबाखू आणि मिश्री यांविषयी वेगळा पाठ लागेल. एवढेच सांगतो की मिश्री ही तंबाखूच आहे, दात घासायचे औषध नाही.

आता लिहायचे काम

तुम्हाला आता अंक आणि अक्षरे येतात. त्यांचा इथे उपयोग करा. भिंतीवर कॅलेंडर असेल ते घ्या. आज किती वेळा उठबस झाली, तो आकडा आजच्या तारखेच्या चौकोनात लिहा. चाललात तर शेजारी 'चा' असे अक्षर काढा. ज्या दिवशी काहीच केले नाही, त्या दिवशी शून्य लिहा. शून्य लिहायला लाजू नका, फक्त लागोपाठ तीन शून्ये येऊ देऊ नका.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला घड्याळ लावून ५ वेळा उठबस करा आणि किती सेकंद लागले ते लिहा. पहिल्या महिन्यात २२ लिहिले असतील, तर तिसऱ्या महिन्यात किती लिहिता ते पाहा. आजीला लिहिता येत नसेल तर आजीचा आकडा नातवाने लिहावा, पण मोजायचे आजीने. आशाताई घरी आली की तिला ते पान दाखवा. आजचा चौकोन रिकामा असेल. खुर्ची भिंतीला लावा आणि सुरुवात करा.